तुरीत पळालेली वैष्णवी

विजयमाला खोटं बोलायची ती फक्त वैष्णवीच्या लग्नापायी. बाकी व्यवहारात बाई चोख. मागच्या खेपेला पोरगी पाहायला आलेल्यांना तिनं लेकीला 'बँकेवाले' सांगून बसवलं होतं, त्याआधी 'सर्वेवाले'. शंभर किलो डोक्यावर तोलून राज्याचं पदक आणणारी लेक, पाव्हण्यांपुढे चहाचा ट्रे धरला की थरथरायची.

त्या सकाळी रिठदच्या घरासमोर पांढरी गाडी थांबली. एक मॅडम अन् एक साहेब बॅग घेऊन उतरले. "वैष्णवी आहे का घरी?" एवढंच विजयमालानं ऐकलं अन् आत ओरडली, "वैष्णे, पाव्हने आले वं! साडी नेस!"

वैष्णवी मागच्या दारानं थेट तुरीत.

पोहे पुढे ठेवत विजयमालानं विचारलं, "पोरगा काय करते तुमचा?"

मॅडमनं ओळखपत्र काढलं. "ताई, आम्ही डोप टेस्टवाले. लघवीचा नमुना हवाय. मागून पळाली ती वैष्णवीच ना?"

"लाजाळू हाय जी."

"पळाली म्हणजे तपासणीला नकार. तसं लिहिलं, की चार वर्षं बंदी."

"पन तिनं काईच खाल्लं नाही! घरची भाकर अन् वरन!"

"ते तुम्ही सांगून चालत नाही, लघवीनं सांगावं लागतं. बोलवा तिला, तोवर थांबते."

विजयमालानं लेकीला फोन लावला. "वैष्णे, लवकर ये. डोपवाले हायेत!"

"अरे वा! या खेपेले डोपवाले काय?"

"तुही शप्पथ!"

"माही शप्पथ तू बँकेवाल्यायच्या टायमालेबी घेतली होती."

मॅडमनं फोन घेऊन समजावलं. फोन मायकडे परत आला तशी वैष्णवी म्हणाली, "मावशी शहरातली दिसते वं पोराची."

लेकीपाशी विजयमालाची पत पार बुडाली होती. गहाण ठेवायला एकच चीज उरली होती. "ऐक. चार वर्सं एकबी स्थळ आननार नाही. तुह्या मामाच्या पोराचंबी नाही."

मामाच्या पोरावर मायचा किती जीव, हे लेकीला ठाऊक होतं. तेच सोडलं म्हणजे गोष्ट खरी.

तूर सळसळली. चिखलानं भरलेल्या पायांनी वैष्णवी अंगणात धावत आली, कागदावर सही केली, डबी घेतली. "माय, शब्द देल्ला बरं!"

"देल्ला वं, जा आता!"

तिच्यामागं मॅडमही न्हाणीत शिरू लागल्या, तशी विजयमाला आडवी आली. "तुमी कुठी?"

"समोर उभं राहून पाहावं लागतं, ताई. नियम आहे."

विजयमाला बाजूला सरली. "पाहा बापा. एवढं बारकाईनं तं कोन्या सासूनंबी पाह्यलं नसतं."