भडकू भट्टीची मंद आच

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. विटा भाजणारी नव्हे बरं का! विद्यापीठाच्या कला विभागात मातीची भांडी भाजणारी, विजेवर चालणारी भट्टी. माझ्या पोटाला पांढऱ्या विटांचं अस्तर आहे, त्या विटांच्या खाचांमध्ये तारांची वेटोळी आहेत आणि दाराला एक बोटभर भोक आहे. त्यातून डोकावलं की माझा राग दिसतो. लालबुंद! माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. बटण मंद आचेवर ठेवलं तरी मी आपली आपणहून वर चढणार. म्हणून सगळे मला 'भडकू' म्हणतात. म्हणोत बापडे. कच्च्या मातीचं पक्कं भांडं करणं हे काही थंड डोक्याने होणारं काम नाही.

कारखान्यातून मला इथे आणलं तेव्हा चार धडधाकट हमालांना घाम फुटला होता. माझा केवढा रुबाब होता तेव्हा! पदवीच्या विद्यार्थ्यांचे मोठमोठे पुतळे मी भाजले. त्या पुतळ्यांना बक्षिसं मिळाली की मुलं माझी पाठ थोपटून जात. मग शेजारच्या खोलीत नवी भट्टी आली. तिला आकडे दाखवणारी काच होती. झालं! मला कुणी विचारीना. माझ्या डोक्यावर जुने पुठ्ठे रचले, दाराला झाडू टेकवले. मी आतल्या आत गार पडले.

एके दिवशी मातीकामाच्या बाई आल्या आणि ते पुठ्ठे भराभर खाली ओढू लागल्या. विद्यापीठाने ठरवलं होतं, की शनिवारी शहरातल्या कुणीही यावं आणि कला शिकावी. परीक्षा नाही, वयाची अट नाही. सकाळी लहान मुलं, दुपारी मिसरूड फुटलेले मुलगे आणि त्यांच्या वयाच्या मुली, संध्याकाळी नोकरी-संसारवाली माणसं. नवी भट्टी पदवीच्या मुलांनाच पुरत नव्हती. "मग ह्यांचं भाजणार कशात?" असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "आमची भडकू आहे की!"

आमची! तो शब्द ऐकून माझ्या तारा झणझणल्या.

काय काय भाजलं म्हणून सांगू! पाच पायांचा हत्ती भाजला. एका दंतवैद्य बाईंनी केलेली फुलदाणी भाजली, ती थेट दाढेसारखी दिसत होती. एका बसचालकाच्या बशीत काही ठेवलं की ते घरंगळून खालीच यायचं. तरी तो ती बशी छातीशी धरून घरी घेऊन गेला. खरं सांगते, बक्षीसवाल्या पुतळ्यांपेक्षा मला ह्या मंडळींचा जास्त अभिमान वाटतो. ही माणसं दमूनभागून येतात, आणि तरी येतात.

सकाळच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून तिचं नावच टकळी पडलं होतं. तिला सोडायला तिचे आजोबा यायचे. ते शिंपी होते, गळ्यात अजून मोजपट्टी असायची. पण अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेलीच राहायची आणि डावा हात थरथरायचा. घरी टकळीची आई त्यांच्या ओठांना कप लावायची, तेव्हा ते चहा प्यायचे. चारचौघांत मात्र कुणी चहा विचारला की ते म्हणायचे, "मी सोडलाय." हे सगळं मला टकळीकडूनच कळलं. ती कुणालाही काहीही सांगायची.

एकदा बाई त्यांना म्हणाल्या, "काका, नुसते भिंतीला टेकून काय बसता? संध्याकाळच्या वर्गाला या."

"ह्या वयात मातीत खेळू?"

"खेळू नका. स्वतःपुरता एक कप करा."

आजोबांनी नकाराची मान हलवली. पण संध्याकाळी आले. आपल्या मिटलेल्या मुठीला मोजपट्टी लावून त्यांनी कपाला तंतोतंत मापाचा कान केला, चारही बोटं आत जातील असा. आमच्या वर्गांचा एक रिवाज होता. दरवर्षी वर्ग संपताना, शेवटच्या शनिवारी, तिन्ही वर्ग एकत्र बसायचे आणि प्रत्येकाने स्वतः केलेल्या कपातून काहीतरी प्यायचं. आजोबांना त्या दिवशी सगळ्यांसमोर, आपल्या हाताने चहा प्यायचा होता. बाकी काही नको होतं त्यांना.

एकदा कोरा आणि एकदा काचेसारखी झिलई लावून, असा दोनदा भाजून कप बाहेर आला. देखणा होता हो! पण बोटं काही कानात जाईनात. माती वाळताना आकसते, आणि भाजताना आणखी आकसते. बाईंनी हे दहादा सांगितलं होतं.

"आजोबा, तुमचा कप आटला!" टकळी ओरडली.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, कापड आधी भिजवा, आटतं. आणि मीच अंगाबरोबर शिवून बसलो!" ते इतके हसले, की सगळा वर्ग हसायला लागला. मग डोळे पुसत त्यांनी दुसरा कप करायला घेतला. ह्या वेळी कान मोठा आणि चांगला जाडजूड केला.

पण जाड माती लवकर वाळत नाही. शेवटचा शनिवार दोन आठवड्यांवर आला. दोनदा भाजायचं असल्यामुळे कप आजच माझ्यात जायला हवा होता. त्या सकाळी बाई मुलांचे कप माझ्या फळ्यांवर मांडत होत्या. त्यांनी आजोबांचा कप उचलून गालाला लावला. गालाला गार लागलं की आत ओल आहे असं समजायचं.

"काका, ओला आहे अजून. आत वाफ कोंडली तर फुटेल. आणि एकटा फुटणार नाही, शेजारच्यांनाही घेऊन फुटेल."

आजोबांनी फळ्यांकडे पाहिलं. तिथे पोरांचे सगळे कप होते. "मग राहू द्या बाई. पोरांचे कप फुटले तर त्याचं खापर माझ्या माथी नको. पुढच्या वर्षी बघू." एवढं बोलून ते मोजपट्टी गुंडाळायला लागले. एका हाताने ती नीट गुंडाळली जात नव्हती.

"ठेवा हो त्यांचा!" टकळी म्हणाली. "आमचे फुटले तर आम्ही परत करू. आमच्याकडे खूप वेळ आहे." मागून सगळी पोरं ओरडली, "ठेवा! ठेवा!"

बाई माझ्याकडे वळल्या. "एक उपाय आहे. दाराला फट ठेवून दिवसभर अगदी मंद आचेवर सुकवायचं, मगच तापवायचं. मी बटणापाशी बसते. पण हिचा काय भरवसा? ही भडकू!"

मला असा राग आला म्हणता! आणि त्याच क्षणी कळलं, की आज रागावून चालणार नाही.

मित्रांनो, तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. तारा सारख्या वर चढू पाहत होत्या. बाई बटण खाली करायच्या आणि मी दम धरायचे. दुपारचा वर्ग आला आणि गेला. फटीतून वाफेचा बारीक धागा निघत होता. बाई मधूनमधून तिथे आरसा धरायच्या, तो धुरकट व्हायचा. संध्याकाळच्या वर्गात बसचालक येऊन हळूच विचारून गेला, "भडकली नाही ना?" शेवटी आरसा स्वच्छ राहिला. बाईंनी दार लावलं. मग काय, मी माझ्या मूळ स्वभावावर आले आणि अशी तापले, की विचारू नका! पण आत एकदासुद्धा 'फट्' झालं नाही.

सोमवारी दार उघडलं. सगळे कप शाबूत होते. पुढच्या आठवड्यात झिलई लावून दुसऱ्यांदा भाजले, तेव्हाही एकाला तडा गेला नाही.

शेवटच्या शनिवारी खोली गच्च भरली. टकळीची आई सगळ्यांना चहा ओतत होती. आजोबांनी मिटलेली बोटं कपाच्या कानात सरकवली. चारही गेली. त्यांनी कप उचलला. थोडा चहा सदऱ्यावर सांडला. टकळीच्या आईचा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला. आजोबांनी कप ओठांना लावला, एक मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सूनबाई, साखर कमी आहे."

"अगोबाई! मी रोज एवढीच घालते. इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"इतके दिवस कप तू धरायचीस. धरणाऱ्याला कुठे नावं ठेवायची?"

ती डबा आणायला वळली. डबा तिच्या समोरच होता, पण डोळे भरल्यामुळे तिला तो दिसत नव्हता. मी कोपऱ्यात उभी होते आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. त्या दिवशी आजोबांनी दोन कप चहा प्यायला. दुसऱ्यात साखर जास्त झाली, असंही ऐकवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना सांभाळा. आमच्या तारा वेळेवर बदला, घाईने आमचं दार उघडू नका. आणि तुमच्या घरात कुणाचा हात सावकाश चालत असेल, तर त्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नका. सांडेल थोडं, सांडू द्या. अहो, मी भट्टी असून मला धीर धरता आला. तुम्हाला का नाही येणार?