तीनशे बाराचा तक्ता

आधीच सांगून टाकते, म्हणजे बाईंनी शेवटपर्यंत लपवलं असं कोणी म्हणायला नको. चूक माझी होती. सॉफ्टवेअरची नव्हती, कंत्राटदाराची नव्हती, उन्हाची तर मुळीच नव्हती. ऊन बिचारं दरवर्षी येतं तसंच आलं.

आमचं ऑफिस इमारती बांधत नाही. बांधायच्या आधी आम्ही ती कॉम्प्युटरवर उभी करतो, तिच्यावर वर्षभराचं ऊन-वारा सोडतो आणि आत राहणाऱ्या माणसांचं काय होईल ते सांगतो. एसी लागेल का, वीज किती जाईल, कोण उकडून निघेल. तीन वर्षांपूर्वी आमचं जुनं सॉफ्टवेअर कंपनीनेच बंद केलं, आणि नवं निवडायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. मी तिथली सगळ्यात जुनी इंजिनियर. आवाज मोठा, तोंड त्याहून मोठं.

चाळून चाळून दोन उरली. एकात अख्खी इमारत एका सकाळी उभी राहायची, कारण प्रत्येक मजला म्हणजे एकच मोठी खोली धरायची आणि त्या मजल्याचं एकच तापमान काढायचं. चित्रं रंगीत, गिऱ्हाईक खूश. दुसऱ्यात प्रत्येक खोली वेगळी काढायची. भिंतीत विटा किती, गिलावा किती, खिडकीवर सावली कशाची, माणूस खोलीत कधी असतो, पंखा कधी लागतो, सगळं भरायचं. मग ते वर्षाच्या प्रत्येक तासाचा हिशेब द्यायचं. पहिल्याचं नाव मी ठेवलं झटपट आणि दुसऱ्याचं कीसकाढू. यावरूनच कळेल माझा कल कुठे होता ते.

पण कल आधीपासून नव्हता, हेही खरं आहे. कीसकाढू मी आठ दिवस घरी घेऊन बसले होते. पहिल्या दिवशी त्याने दोनशे चौदा चुका दाखवल्या. चौथ्या दिवशी एकशे नव्वद. ‘खिडकी भिंतीच्या बाहेर आहे.’ अगं बाई, भिंतीच्या बाहेर कशी असेल खिडकी? आठव्या दिवशी मी लॅपटॉप असा आपटला की त्याची बिजागरी सैल झाली, ती अजून तशीच आहे.

आमच्याकडे एक इंजिनियर आहे. त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण जेवलास का विचारलं तरी तो दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देईल. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला अगदी कमी. त्याच आठ दिवसांत तो कीसकाढू शिकून मोकळा झाला होता. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून ‘मला दाखव रे’ म्हणायचं, एवढंच होतं. ते माझ्याच्याने झालं नाही. मला लाज वाटली. जिथे वाटायला नको होती नेमकी तिथेच वाटली, आणि जिथे वाटायला हवी होती तिथे पुढे तीन वर्षं वाटली नाही.

दोन्हींची चाचणी आम्ही चालू कामावरच घेतली. म्हाताऱ्या माणसांसाठीची तीन मजली निवास-इमारत होती. एसीशिवाय गार राहणार, ही तिची मोठी जाहिरात. माझ्या झटपटने सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर कडक उन्हाळ्यात तीस अंश. पास. दशांशने बैठकीत एकच आलेख लावला. तिसरा मजला, पश्चिमेचा कोपरा, खोली नंबर तीनशे बारा. संध्याकाळी पाच वाजता सदतीस पूर्णांक दोन.

“मजल्याची सरासरी तीसच येतेय, बाई,” तो म्हणाला. “पण उत्तरेच्या खोल्या गार आहेत म्हणून तशी दिसते. सरासरीत कोणी राहत नाही.”

खरं तर तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण बैठकीत दहा माणसं, साहेब समोर, आणि हा कालचा मुलगा मला शिकवतोय!

“याला प्रत्येक खोलीचं राशिभविष्य काढायचंय,” मी म्हणाले. “तीनशे बाराला आज प्रवासाचा योग आहे का रे?”

सगळे खो खो हसले. साहेबसुद्धा. दशांशने आलेख बंद केला. मग मी शेवटचा घाव घातला. “एक खोली म्हणजे इमारत नव्हे.” केवढी टाळ्याखाऊ वाटली होती मला ती ओळ! दोनदा म्हटली.

झटपट घेतलं. इमारत झाली. मागच्या हिवाळ्यात तिथे माणसं राहायला आली.

आता आत्याबद्दल सांगते. आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्याने. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, शेवटची दहा वर्षं वॉर्डची मुख्य. लग्न केलं नाही. म्हणायची, घरी आणखी एक पेशंट कशाला. गुडघे गेले, जिना चढवेना, आणि मी थाटात म्हणाले, “आम्ही केलेली इमारत आहे, तिथेच चल.” व्यवस्थापकाने रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, “एकच खोली उरलीय. तीनशे बारा. मावळतीचा देखावा काय सुंदर दिसतो म्हणून सांगू!”

नंबर लगेच ओळखला मी. विसरले होते, लक्षात आलं नाही, असं सांगितलं तर ती शुद्ध थाप होईल. ही खोली नको, एवढंच म्हणायचं होतं. पण तो विचारणार, का? मग काय सांगू? की आमच्या अहवालात सगळ्या खोल्या पास आहेत, पण ही नाही, आणि ते मला माहीत होतं? आत्या म्हणाली, “मावळती दिसते? मग छानच!” आणि मी सही केली.

हिवाळा मजेत गेला. ती सगळ्यांना सांगायची, “माझ्या भाचीने केलीय ही इमारत. बघा किती ऊबदार!” उन्हाळा लागला, आणि मी दर रविवारी सकाळी दहाला तिला भेटायला जाऊ लागले. सकाळीच. संध्याकाळी कधीच नाही. का, ते मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या बुधवारी तिथल्या मदतनीस बाईंचा फोन आला. आत्याला बाथरूममध्ये चक्कर आली होती. पडली नाही, नळ धरून बसली. पण ही तिसरी वेळ होती आणि ‘भाचीला कळवू नका’ म्हणून तिने ताकीद दिली होती. मी कामावरून तशीच उठून गेले. पोहोचले तेव्हा पाच वाजून गेले होते.

दार उघडलं आणि तोंडावर झळ आली, तव्यावरचं झाकण उचलल्यावर येते तशी. पंखा फुल होता. गरम हवाच घुसळत होता. भिंतीला हात लावला तर चटका बसला. आत्या ओला टॉवेल मानेवर घेऊन खुर्चीत बसली होती. चेहरा लालबुंद. मला बघून चक्क ओशाळली.

“अगं, तू आज कशी? आणि त्या बाईला सांगू नको म्हटलं होतं मी!”

“आत्या, हे काय आहे?”

“काही नाही गं. वय झालं की उकाडा जास्तच वाटतो. खोलीचा दोष नाही.”

मग माझं लक्ष पलंगाच्या पायथ्याकडे गेलं. तिथे पुठ्ठ्याला चिमटा लावून कागद टांगलेला. वॉर्डात पेशंटचा असतो तसा तक्ता: तारीख, वेळ, तापमान, शेरा. रोज तीन नोंदी, सुवाच्य अक्षरात. मला वाटलं स्वतःचा ताप मोजतेय. पण भिंतीवर एक थर्मामीटर होता, आणि त्याच्याशेजारी दुसरा, कोरा करकरीत.

“खोलीचा तक्ता आहे तो,” ती म्हणाली. “सवय जात नाही बघ. माणसाला सदतीस म्हणजे ठीक, खोलीला सदतीस म्हणजे तापच की! पण ते यंत्र बिघडलंय.”

पाच वाजताच्या प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्यात तेच लिहिलेलं होतं. छत्तीस आठ, यंत्र बिघडलेले. सदतीस एक, यंत्र बिघडलेले. सदतीस पाच, यंत्र बिघडलेले. एकेचाळीस दिवस.

“बिघडलंय कशावरून?” मी विचारलं.

“असं काय विचारतेस? इमारत तू केलीस ना! एवढं तापेल अशी खोली तू कशी राहू देशील? म्हणून दुसरं यंत्र आणवलं.” ती हसली. “तेही मेलं तसंच बिघडकं निघालं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन दोन थर्मामीटर खोटे ठरवले होते, अंगाची लाही लाही होत असताना, कारण मी खोटी असेन हे तिच्या मनातच आलं नाही. मी तिला उठवून खाली उत्तरेच्या बैठकीच्या खोलीत नेलं. तिथे सुखाचा गारवा होता. सरासरी काढणाऱ्या माझ्यासारखीला लाजवायलाच जणू. मी तक्त्याचा फोटो काढला आणि तिला एक अक्षर न सांगता निघाले. हो, तेव्हाही नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसात सॉफ्टवेअरचीच बैठक होती. झटपटचा तीन वर्षांचा करार संपत आला होता. पुन्हा निवड करायची होती. माझं टिपण तयार होतं: ‘तेच चालू ठेवावे.’ दशांश नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता. आता तो बैठकीत बोलत नाही. तीन वर्षांत एकदाही बोललेला नाही, आणि ते मी शिस्त समजत होते.

मी टिपण फाडलं नाही वगैरे. तेवढं नाटक जमलं नाही. फक्त तक्त्याचा फोटो पडद्यावर लावला आणि शेजारी दशांशचा जुना आलेख. दोन्हीतले पाच वाजताचे आकडे जुळ्या भावांसारखे.

“मी कीसकाढू नाकारलं, कारण मला ते जमत नव्हतं,” मी म्हणाले. “ते वाईट होतं म्हणून नव्हे. ही खोली तापणार हे मला तेव्हाच कळलं होतं. मी याचं हसं केलं, तुम्ही हसलात, आणि काम निभावलं. त्या खोलीत आता माझी आत्या आहे. ती नसती तरी कोणीतरी असतंच.”

कोणी हसलं नाही. दशांश उठला, पडद्याजवळ गेला, आकडे न्याहाळले. मला वाटलं, आता हा माझ्यावर उट्टं काढणार. काढावंच त्याने.

“माझं तीन दशांशने चुकलं,” तो म्हणाला. “छताचा रंग मी फिका धरला होता.”

तो अगदी मनापासून खंतावला होता. तीन दशांशासाठी! मला तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटलं.

ठरलं ते असं: कीसकाढू घ्यायचं, खिडकीबाहेर सावलीच्या पट्ट्या नि छतावर उष्णतारोधक थर ऑफिसने बसवून द्यायचा, आणि किती अंश उतरतात ते आधी खोलीखोलीने काढायचं. ते मी काढणार, दशांशच्या शेजारी खुर्ची ओढून. कालपासून बसतेय. एकशे सात चुका उरल्यात.

पण त्या गुरुवारी संध्याकाळी आधी आत्याकडे गेले. खाली बैठकीत बसवलं आणि सगळं सांगितलं. आलेख, राशिभविष्य, रजिस्टर, रविवारची सकाळ. शेवटी मी म्हणाले, “व्यवस्थापकाशी बोलते. तो त्याच्या ऑफिसची खोली तुला रिकामी करून देईल.”

“आणि तीनशे बारात कोणाला टाकणार?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

“पट्ट्या लागेपर्यंत ती खोली बंद ठेवायला सांग. कोणालाच नको,” ती म्हणाली, वॉर्डातल्या आवाजात. लहानपणी या आवाजाला मी घाबरायचे. मग ती म्हणाली, “म्हणजे माझी यंत्रं बरोबर होती तर.”

“हो.”

“दोन्ही?”

“दोन्ही, आत्या.”

तिने मला वर जाऊन तक्ता आणायला सांगितला. मला वाटलं फाडेल, किंवा रडेल, किंवा माझ्या एक ठेवून देईल. हायसं तरी वाटलं असतं. तिने लाल पेन काढलं आणि ‘यंत्र बिघडलेले’वर एक सरळ रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. मग दुसरीवर. मग तिसरीवर. एकेचाळीस रेघा. एकही रेघ वाकडी झाली नाही.

पुठ्ठा आणि पेन तिने माझ्यापुढे ठेवलं.

“खोडलेल्या नोंदीपुढे ज्याची चूक त्याने सही करायची. आमच्या वॉर्डात असंच होतं.”

“प्रत्येक?”

“प्रत्येक.”

मी करत गेले. तारीख, माझी सही. तारीख, माझी सही. सातव्या ओळीनंतर डोळ्यांपुढचं दिसेना, म्हणून पेन थांबलं. आत्याने मानेवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “पूस डोळे. अजून चौतीस आहेत.”