पोट डॉक्टरचं, पाय माझे

पोट कापून घेतलं की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्यासोबत जेवायला बसावं. एक उकडलेलं अंडं, अर्धी वाटी घट्ट डाळ, दोन चमचे भाजी. आधी अंडं, मग डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. उरत नाही. प्रत्येक घास तोंडात पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. घाई केली की घास छातीत दगडासारखा बसतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. समोरचा माणूस तोवर तीन चपात्या हाणून, ढेकर देऊन, मोबाइल बघत बसलेला असतो. आणि तोच म्हणतो, "तुझं बरंय. सोपा मार्ग."

सोपा मार्ग! केस मुठीमुठीने गळले. जन्मभराच्या गोळ्या लागल्या. दंडाची आणि पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, धावताना घासून सोलवटते, तिथे पहाटे उठून व्हॅसलीन थापायचं. हा सोपा मार्ग असेल तर अवघड मार्ग बघायची मला इच्छा नाही.

मी मीरा. घाटकोपरला हायवेच्या कडेच्या वस्तीत राहते, साकीनाक्याला प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासते. दोन वर्षांपूर्वी माझं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. डायबिटीस होता, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा. रिक्षावाला म्हणायचा, "मॅडम, बीच में बैठो, गाडी एक तरफ झुकती है." मग ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोटाची लिंबाएवढी पिशवी केली आणि आतडं थेट तिला जोडलं. वजन उतरायला लागलं. जे लोक जाडी म्हणून हसायचे तेच आता बारीक झाली म्हणून तोंड वाकडं करायला लागले.

आमच्या गल्लीतली दर्शना किराण्याच्या दुकानासमोर सगळ्यांदेखत म्हणाली, "मीरे, आयती बारीक झालीस गं! आम्ही इथे कारल्याचा रस पिऊन मरतोय."

"मग तूही घे ना कापून."

"नको बाई! आम्हाला पोटभर जेवायला लागतं."

"मलाही लागायचं. पोटच उरलं नाही."

दुकानदार फिसकन हसला. दर्शना पुढचे दोन महिने बोलली नाही. शांतता होती.

घरात मात्र शांतता नव्हती. घरात रतनदादा होता. आई-बाबा गेल्यावर यानेच मला वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे अक्षरशः ताटात वाढून वाढवलं. दादा आचारी आहे. वस्तीतलं लग्न असो, नामकरण असो, जयंतीचं जेवण असो, चूल त्याची. त्याच्या हातचं खाऊन कुणी "पुरे" म्हणालं की त्याला तो अपमान वाटतो. ऑपरेशननंतरचा पहिला महिना मी गाळलेल्या डाळीच्या पाण्यावर होते, आणि हा माणूस चोरासारखा बाहेर जाऊन वडापाव खाऊन यायचा, कारण माझ्यासमोर खायची त्याला लाज वाटायची. पुढे तो शिकला. मूग घोटून द्यायचा, अंड्यातलं पांढरं वेगळं काढायचा, पनीर घरी करायचा. पण वाटी माझ्यासमोर ठेवताना दर वेळी तोच सुस्कारा, "एवढ्यावर माणूस जगतं का गं?"

"जगतंय ना समोर. बघ."

धावायला मी ठरवून लागले नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडला चालायचे. एकदा मागून बाइकवरची दोन पोरं काहीतरी घाण बोलून गेली. मला इतका राग आला की मी त्यांच्या मागे धावले. बाइक कधीच गेली होती, मी मात्र दोन खांब ओलांडून तिसऱ्याला टेकून उभी होते. छाती फुटायला आली होती आणि गुडघे, ज्यांनी मला जिना चढू दिला नव्हता, ते चुपचाप उभे होते. दुसऱ्या दिवशी तीन खांब. कुणी शिव्या देईना म्हणून मीच स्वतःला दिल्या.

असं करत मी मुलुंडच्या धावणाऱ्यांच्या एका गटात पोचले. गट गंधालीचा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मनाने चांगली, पण पोस्टर लावायची भारी हौस. एके दिवशी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर माझे दोन फोटो, आधीचा आणि आताचा, आणि खाली, "जिद्दीने धावलं की वजन हरतं!"

मी तिला फोन लावला. "ऑपरेशन लिही त्यात."

"अगं, कशाला? लोकांना प्रेरणा मिळते ना."

"खोटी प्रेरणा कशाला द्यायची? उद्या एखादी एकशे तीस किलोची बाई हे वाचून धावायला जाईल आणि गुडघे फोडून घेईल. वजन ऑपरेशननं गेलं. धावणं नंतर आलं. तसं लिही."

तिने लिहिलं. दहा मिनिटांत खाली एकाचा मेसेज आला, "म्हणजे चीटिंगच की." सोबत हसणारं तोंड.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि माझं जेवण ते किती! माणूस कोण होता मला माहीत नाही. पण तो वस्तीतल्या सगळ्यांच्या मनातलं बोलला होता. माझ्या बाबतीत जे काही चांगलं झालं ते डॉक्टरनं केलं, असं सगळे धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मीही. मला एक गोष्ट हवी होती जी कुठल्याही डॉक्टरला करून देता येणार नाही. मी गटाच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. मुलुंडहून निघायचं, सर्व्हिस रोडने घाटकोपरपर्यंत यायचं आणि वळून परत मुलुंड. नऊ वाजता रस्ता गाड्यांसाठी खुला होणार. त्याच्या आत पोचायचं.

लांब धावणारे लोक वाटेत गोड चिकट पाकिटं चोखतात, केळी खातात, सरबत पितात. मला ते विष आहे. माझ्या पोटात गोड थांबतच नाही, थेट आतड्यात पडतं, आणि मग आतडं सूड उगवतं. म्हणून मी माझं खाणं शोधलं. उकडलेल्या बटाट्याचे मीठ लावलेले बोराएवढे तुकडे. एक तुकडा, नीट चावून, मग बऱ्याच वेळाने दुसरा. पाणी घोटघोट. दादाला सांगितलं, परतताना विक्रोळीला लिंबू-मीठ घातलेलं पाणी घेऊन उभा राहा.

"साखर घालायची नाही."

"कळतं मला."

"एक दाणासुद्धा नाही."

"अगं, पाचशे माणसांचं मीठ अंदाजानं घालतो मी! तुझी एक बाटली जमणार नाही का?"

जानेवारीतल्या रविवारी अंधारात निघालो. घाटकोपरला वळले तेव्हा उजाडलं होतं आणि पाय माझे होते, अगदी माझे. हळू धावत होते, पण थांबले नव्हते. विक्रोळीपर्यंत ऊन अंगावर आलं, बाटली संपली, जीभ टाळूला चिकटली. दादा स्कूटरच्या बाजूला स्टीलची किटली घेऊन उभा. ग्लास माझ्या हातात दिला आणि मी, घोटघोट प्यायचं सगळ्यांना शिकवणारी मी, घटाघट प्यायले. लिंबू लागलं, मीठ लागलं, आलं लागलं. चौथ्या घोटाला जिभेवर मागून गोड आलं.

"दादा, काय घातलंयस?"

"लिंबू, मीठ, आलं." मग किटलीचं झाकण लावत, "आणि थोडा गूळ."

"गूळ?"

"साखर नाहीये! एक दाणा साखर नाही, शपथ. गावचा गूळ आहे, काळा. उन्हातून आलेल्या माणसाला आपण गूळ-पाणीच देतो ना? तेवढीच ताकद येईल."

मी ग्लास त्याच्या हातात कोंबला आणि धावायला लागले. उलटी करून उपयोग नव्हता, माझ्या पोटातून ते केव्हाच पुढे गेलं होतं. वाटलं, गूळ पोचायच्या आत आपण पुढे सटकू. मूर्खपणा. कांजूरच्या अलीकडे छाती धडधडायला लागली, धावण्याची नव्हे, वेगळीच. घाम गार झाला. पोटात कुणीतरी फडकं पिळावं तशी कळ आली. समोर पेट्रोल पंप होता. त्याच्या संडासात मी किती वेळ होते आणि कशी होते, हे कुठल्याच पोस्टरवर येत नाही. म्हणून इथे लिहिलं.

बाहेर आले तर दादा स्कूटर घेऊन उभा. माझा चेहरा बघूनच तो मागे आला होता. मी फुटपाथवर आडवी झाले, पाय स्कूटरच्या पायरीवर टेकवले. येणारेजाणारे दारू प्यायलेल्या बाईकडे बघावं तसे बघत होते.

"चल, बस मागे," दादा म्हणाला. "घरी जाऊ. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"नाही."

"मीरे, ओठ पांढरे पडलेत तुझे."

"तुझ्या गुळानं पडलेत! दोन वर्षं सांगतेय, गोड नको. गूळ काय झाडाला लागतो का? उसाचाच ना?"

"मी काय वैरी आहे का तुझा?"

"वैरी असतास तर बरं झालं असतं. वैऱ्याच्या हातचं मी पिते का?"

त्याचं तोंड उतरलं. तो कठड्यावर बसला आणि हातातल्या किटलीकडे बघत राहिला. मग उठला आणि सगळं पाणी गटारात ओतलं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही. मनगटावर बोट ठेवून मी ठोके बघत पडून राहिले. स्वतःशी ठरवलं होतं, छाती शांत झाली तरच उठायचं, नाहीतर मुकाट्यानं स्कूटरवर बसायचं. हट्ट करायला मरायची गरज नसते.

बऱ्याच वेळाने ठोके जागेवर आले. घाम वाळला. उठून बसले, उभी राहिले, चार पावलं टाकली. डोकं फिरलं नाही. घड्याळात बघितलं तर नऊच्या आत पोचणं आता कठीणच होतं.

"दादा, तू पुढे जा. मुलुंडला. नऊ वाजता ते सगळं गुंडाळतील. त्यांना सांग, एक बाई येतेय."

"माझं ऐकतील ते?"

"अख्खं लग्नाचं वऱ्हाड रांगेत उभं करतोस तू. चार पोरं नाही थांबवता येणार?"

त्याने रिकामी किटली स्कूटरला अडकवली आणि किक मारून गेला.

भांडुपपर्यंत मी चालत होते, मधूनच धावत होते. भांडुपला मागून टेम्पो आला, मागे पडलेल्यांना उचलणारा. त्यातून गटातला श्रेयस ओरडला, "ताई, बसा. रस्ता खुला करतोय."

"कर. मी फुटपाथवरून येते. फुटपाथ बंद नाही ना केलास?"

"पण वेळेची नोंद नाही होणार तुमची."

"नको होऊ दे."

त्याने ड्रायव्हरकडे बघितलं, खांदे उडवले, आणि पाण्याची एक बाटली माझ्या हातात दिली. मी आधी लेबल वाचलं. नुसतं पाणी. टेम्पो गेला आणि त्याच्या मागून गाड्यांचा लोंढा सुटला. फुटपाथ म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. उभ्या केलेल्या बाइक, इडलीवाल्याचं टोपलं, उखडलेल्या लाद्या, झोपलेली कुत्री. इडलीवाला म्हणाला, "मॅडम, रेस तो खतम हो गया." म्हटलं, "मेरा नहीं हुआ." त्याने टोपलं जरा आत ओढून मला जागा दिली.

मुलुंडला पोचले तेव्हा हवा भरून उभी केलेली कमान खाली बसून रस्त्याच्या कडेला पसरली होती. माणसं पांगली होती, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. फक्त शेवटच्या रेषेवरची, वेळ नोंदणारी रबरी पट्टी अजून जमिनीवर होती, कारण तिच्यावर दोन्ही पाय रोवून माझा भाऊ उभा होता. दोन पोरं तिच्या कडा धरून ताटकळत होती.

"काका, प्लीज हटा ना. ट्राफिकवाले ओरडतायत," एक म्हणत होता.

"ओरडू दे. शेवटची पंगत उठल्याशिवाय आम्ही सतरंज्या गुंडाळत नाही."

"पण काका, यंत्र बंद केलंय!"

"मला यंत्र कळत नाही. माणूस यायचंय."

मग त्याने मला बघितलं. ओरडला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पाऊल बाजूला सरकला, पंगतीत जागा करून द्यावी तसा. मी पट्टीवरून धावत गेले. शेवटची पावलं तरी धावतच. काही वाजलं नाही, काही पेटलं नाही. पलीकडे गेले आणि उभी राहिले.

गंधाली एका उरलेल्या खुर्चीवर बसून होती. ती उठून आली आणि माझ्या गळ्यात मेडल घालताना म्हणाली, "यादीत नाव नाही येणार गं. वेळ संपली होती."

"माहितीये. फोटो टाकशील तेव्हा तेही लिही. वेळ संपल्यावर पोचली."

"लिहिते," ती हसली. "आणखी काय लिहू?"

"फुटपाथवरून."

मी रस्त्याच्या कडेलाच बसले. मांड्या थरथरत होत्या, कातडी जळत होती, आणि आत कुठेतरी दोन वर्षांचा राग पहिल्यांदाच दमून बसला होता. तो उद्या पुन्हा उठेल, मला माहीत आहे. उठू दे, मलाही उठायचंच आहे.

दादा माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "काय देऊ खायला?"

मी त्याच्याकडे बघितलं. जन्मात या माणसाने मला हे विचारलं नव्हतं.

"आत्ता काही नको. अर्ध्या तासानं विचार."

"विचारतो," तो म्हणाला, आणि पट्टी गुंडाळणाऱ्या पोरांना हात द्यायला उठला.