होणाऱ्या सासऱ्यांचा नेम

श्चेपानकडे जुनी लष्करी रिव्हॉल्वरं सात होती आणि अक्कल त्या मानानं बेताची, हे यागोदाचं मत लग्नाच्या दिवशीही बदललं नव्हतं. नवरीचा पोशाख घालून ती माहेरच्या माडीच्या खिडकीत बसली होती आणि हा तिचा होणारा सासरा अंगणात मखमली पेटी उघडत होता. देव्हाऱ्याचं दार उघडावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

अंगणापलीकडे अक्रोडाच्या शेंड्याला काठी बांधून तिच्यावर सफरचंद खोचलेलं होतं. रिवाज असा, की ते गोळीनं पाडल्याशिवाय नवरी घराबाहेर पडत नाही. नेम नवऱ्यानं धरायचा असतो. शहाणी माणसं शिकारीची बंदूक आणतात, दोन बारांत उरकतात आणि जेवायला बसतात. श्चेपाननं आणलं होतं पणजोबांचं गासर रिव्हॉल्वर. अकरा मिलिमीटरचं, हातभर लांब, आणि वजन असं की पट्ट्यात खोचलं की विजार खाली यायची. राजानं म्हणे एके काळी प्रत्येक पुरुषाला असलं एक बाळगायला लावलं होतं. राजा गेला, राज्य गेलं, पण श्चेपानची ऐट काही गेली नाही. बायकोच्या मुरंब्याच्या पातेल्यात तो स्वतः शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, आणि घरात मुरंबा बंद झाला होता.

"बाल्शा, बाजूला हो," तो मुलाला म्हणाला. "हे हत्यार कुणाच्याही हातात द्यायचं नसतं."

बाल्शा बाजूला झाला. नवरदेव तोच होता.

यागोदाचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि याचाच तिला जास्त संताप येत होता. कोटर शहरात, बापापासून दूर, तो किती मोकळा असायचा! तिच्या औषधांच्या दुकानात येऊन काउंटरपलीकडून खोकल्याच्या सोंगानं गिऱ्हाइकांना हसवायचा. तिथंच दोघांनी राहायचं ठरलं होतं. "लग्नाआधी बाबांना सांगतो," असं त्यानं वचन दिलं होतं. बाबांनी मात्र गावातल्या आपल्या घरावर त्यांच्यासाठी मजला चढवून टाकला होता, आणि बाल्शानं तोंड उघडलं नव्हतं.

पहिला बार झाला. बंदुकीच्या काळ्या दारूचा पांढरा ढग अंगणभर पसरला आणि सगळे खोकत तो विरायची वाट पाहत राहिले. ढग विरला. सफरचंद जागेवर होतं.

"वारा," श्चेपान म्हणाला.

एक पान हलत नव्हतं. दुसऱ्या गोळीनं धुराड्याचा कोपरा उडवला.

"आमचं घर उभं राहू दे रे बाबा!" स्वयंपाकघराच्या दारातून यागोदाची रुझा आत्या ओरडली. दुधात शिजवलेलं कोकरू तिसऱ्यांदा गरम करायला घेऊन ती आधीच पेटली होती.

"आत्याबाई, याच हत्यारानं पणजोबांनी व्हुच्यी दो इथल्या लढाईत तुर्कांचा आगा, त्यांचा सरदार, पाडलाय!"

"मग त्यालाच बोलवा. आगा मोठा असेल, सफरचंद लहान आहे."

वऱ्हाडातला ब्लाझो, हाही गासरवाला, नाकावर चष्मा चढवून पुढे सरकला. त्यानं रिव्हॉल्वर उलटं केलं, शिक्के पाहिले आणि तो हरखून गेला.

"श्चेपान, हे व्हिएन्नाचं अस्सल गासर नाही. बेल्जियमची नक्कल आहे. शिक्क्यावर मुकुट बघ. हा मुकुट त्या लढाईनंतर सतरा वर्षांनी आला!"

"माझ्या पणजोबांना खोटं म्हणतोस?"

"पणजोबांना नाही रे. मुकुटाला विचार."

झालं. दोघं हातवारे करत शिक्क्यांवर, नळ्यांवर आणि दारूच्या मापावर तुटून पडले. बाकीच्यांनी बाजू वाटून घेतल्या. खाली चर्चमध्ये पाद्री ताटकळत होता, वर नवरी बसली होती, आणि यांचं चाललं होतं कुणाचा पणजोबा जास्त पणजोबा होता ते. असली माणसं दारूगोळ्यावर जगतात आणि कामाच्या वेळी त्यांच्यानं एक सफरचंद पडत नाही, असं तिला वाटलं. एकटा बाल्शा बाजूला उभा होता. बापाचा कोट हातावर घेऊन.

यागोदानं खिडकीतून वाकून हाक मारली.

"बाल्शा! इकडे ये."

तो खिडकीखाली आला. वर पाहून गोड हसला.

"कशी दिसतेस!"

"ते राहू दे. जा, रिव्हॉल्वर घे आणि मार."

"माझा नेम कुठे आहे?"

"त्यांचा तरी कुठे आहे? चुकला तर चुकू दे. दगड मार, झाडावर चढून हातानं तोड, मला सगळं चालेल. फक्त तू कर."

"यागोदा, आज नको. बाबांना वाईट वाटेल."

"कोटरचं सांगितलंस?"

त्यानं कोट या हातावरून त्या हातावर घेतला. "आधी हे एकदा पार पडू दे. बाबांचा मूड बघून..."

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. आत वळली, आरशासमोर बसली आणि केसांतली ओढणी पिन-पिन करून सोडवू लागली. रुझा आत्या दारात आली आणि बघतच राहिली.

"काय करतेस गं?"

"आत्या, पानं वाढायला घे. लोक सकाळपासून उपाशी आहेत."

तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला आणि एकच आरोळी उठली. शिट्ट्या, टाळ्या, राकिया दारूच्या बाटल्या. जिन्यावर धावती पावलं वाजली आणि धापा टाकत, लहान पोरासारखा खुललेला बाल्शा दारात उभा राहिला.

"लागलं! यागोदा, बाबांनी पाडलं! बरोब्बर मधोमध! चल!"

तिनं ओढणीची घडी घालून मांडीवर ठेवली. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही असं तिनं ठरवलं.

"रिवाज काय आहे? पाडेल तो नेईल. तुझे बाबा तर विवाहित आहेत. मग आता कसं करायचं, बाल्शा? मला कोण नेणार?"

थट्टा आहे की काय, म्हणून त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं नजर वळवली. मग त्याच्या लक्षात आलं. यागोदा वाट पाहत राहिली. अजूनही, त्या क्षणाला सुद्धा, तो एक शब्द बोलला असता तर ती उठली असती.

"थांब हं," तो म्हणाला. "मी बाबांना विचारून येतो."