बोलाल तेवढेच हात

"आई, म्हणजे सात बोलून आठ हात झाले, तरी आपण हरलो?"

काकींनी कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा विचारत होती ही पोरगी.

"हरलो नाही तर काय जिंकलो? बोलाल तेवढेच हात. एक कमी नाही, एक जास्त नाही. जास्त झाला तरी शून्य, कमी झाला तरी शून्य. यात न कळण्यासारखं काय आहे?"

सून घेतलेले हात पुन्हा मोजू लागली. औषधाच्या दुकानात कामाला होती ती. चिठ्ठीवर दहा गोळ्या असतील तर दहाच मोजायची, अकरावीला बोटही लावायची नाही. अशा मुलीला पत्त्यांत भिडू घ्यायचं म्हणजे देवाघरची शिक्षा. पण घेणार कुणाला? पंचवीस वर्षं काकींची भिडू होती त्यांची नणंद, आणि तिने यंदाच लेकीकडे कायमचं बिऱ्हाड हलवलं होतं. "पत्त्यांपुरती तरी थांब गं," म्हणून काकींनी सांगून पाहिलं. थांबली नाही.

शिवणाच्या त्या खोलीत मशिनं दोन आणि खिडकी एकच. एक मशीन काकींचं, दुसरं त्यांच्या थोरल्या जावेचं. खिडकीशी कुणी बसायचं यावरून दोघी इतक्या भांडल्या होत्या, की शेवटी सासऱ्यांनीच निकाल लावला होता: वर्षातून एकदा, सुट्टीच्या दुपारी, तीन डाव पत्ते. जिंकेल तिचं मशीन वर्षभर खिडकीला. सासरे गेले, नियम राहिला. गेली सहा वर्षं खिडकी काकींची होती.

आणि यंदा ती गेली तर? काकींना नुसत्या दिव्यावर आता सुईचं नेढं दिसत नव्हतं. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला कळावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. थोरलीला कळलं असतं तर तिने गल्लीभर दवंडी पिटली असती.

खेळ तसा सोपा. चौघांना तेरा-तेरा पानं, हुकूम कायम इस्पिकचा. पानं बघून प्रत्येकाने आपले किती हात होतील तेवढी बटणं समोर मांडायची, तोंडातून ब्र काढायचा नाही. समोरासमोरच्या दोन भिडूंची बटणं एकत्र धरायची. तेवढेच हात झाले तर बटणं आपली, नाहीतर सगळी डब्यात परत. तीन डावांनंतर ज्यांची बटणं जास्त, ते जिंकले.

पहिल्या डावात दोन्हीकडची पाटी कोरी. काकी आणि सून पाच बोलल्या, झाले सहा. दुसऱ्यात सात बोलल्या, झाले आठ. थोरली आणि तिचा कटिंग मास्टर मुलगा मात्र दुसऱ्यात पाच बोलले आणि बरोब्बर पाच घेऊन बसले.

"काय गं धाकटे," थोरली पाचही बटणं ओंजळीत खुळखुळवत म्हणाली, "सुनेला हात घ्यायचे शिकवलेस, सोडायचे शिकवायची राहिलीस वाटतं?"

"तुमचं मशीन पुसून ठेवा वहिनी. खिडकीजवळ धूळ फार," काकी म्हणाल्या. पण आतून त्यांचा तिळपापड होत होता. हिने जास्तीचा हात घेतलाच का? आणि वर दुसऱ्या डावात बदामची उतारी असताना काकींचं बोट चौकटच्या पानाकडे गेलं, तर ही टवळी घसा खाकरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती!

"वहिनी, खोकला आलाय की खूण करताय?" मास्टर म्हणाला.

"धूळ फार आहे," सून म्हणाली.

शेवटचा डाव. काकींनी पानं उलगडली. इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का, आणि खाली एक इस्पिकची तिरी. त्यांनी सवयीने दोन बटणं ठेवली. थोरलीकडची झाली आठ. आता सुनेच्या पानांत खरंच चार हात असले, की सहा होणार. पाचावर सहा, खिडकी राहणार.

सुनेने पानं पाहिली, काकींची दोन बटणं पाहिली. आधी तीन बटणं मांडली. मग डब्यातून आणखी एक काढून शेजारी ठेवलं.

म्हणजे हिच्या पानांत हात तीनच! तीन मांडून चौथं? ही काय साड्यांची खरेदी आहे, आणखी एक राहू दे म्हणायला?

पानं पडत गेली. शेवटचं पान उरलं तेव्हा थोरलीकडे सात हात, काकींकडे पाच. थोरलीने किलवरचा राजा आपटला. "झाले आठ!"

सुनेने चौकट टाकली. मास्टरने किलवर टाकलं. काकींच्या हातात उरली होती हुकमाची तिरी. त्यांनी ती राजावर ठेवली.

सुनेने तो हात आपल्या ढिगात ओढला.

"सहा," सून म्हणाली.

थोरली तणतणत चहा टाकायला गेली. काकींनी सुनेला कोपऱ्यात गाठलं. "तुझे तीनच होते ना? चौथं बटण कशाच्या जोरावर ठेवलंस?"

"तुमच्या. दोन्ही डावांत तुम्ही एक हात कमी बोललात आई. छोटा हुकूम तुम्ही धरतच नाही. म्हटलं, तो कुणीतरी धरायला हवा."

"मी? मी कमी बोलते?" काकी उसळल्या. "अगं, नणंदबाईच एक वाढवून बोलायच्या! म्हणून मी एक..."

वाक्य तिथेच राहिलं. पंचवीस वर्षं! नणंद एक फुगवायची, ह्या एक कापायच्या, आणि दोघी स्वतःला पट्टीच्या खेळाडू समजायच्या.

"बरं, बरं," काकी पुटपुटल्या. "शहाणी आहेस."

मग त्या तरातरा खिडकीशी जाऊन आपल्या मशीनवर बसल्या. सून मागे आलीच.

"आई, बदाम आणि चौकट तुम्हाला..."

"काही नाही मला! दुसऱ्या खेपेला दोरा जातो माझा. बघ."

पहिल्या खेपेला दोरा सुईच्या बाजूने गेला. दुसऱ्याला नेढ्यावरून घसरला. काकींनी दोऱ्याला, सुईला आणि ती बनवणाऱ्याला एकदम शिव्या घातल्या. तिसऱ्या खेपेला गेला.

त्यांनी विजयाने मान वर केली. सुनेने खिडकीच्या कट्ट्यावर आधीच तीन बटणं मांडून ठेवली होती.