चूलबंद आवतण

कृष्णाबाईने थोरल्या भावाला माळ्यावर चढवलं, पायाखालचं स्टूल ओढून घेतलं, त्याच्या चपला तांदळाच्या डब्यामागे सारल्या आणि मगच दाराची कडी काढली.

दारात समाजाच्या छत्राचे, म्हणजे धर्मशाळेचे, सेक्रेटरी पद्मनाभराव उभे होते. हातात चांदीची वाटी, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता.

"किती वेळ, कृष्णाक्का! झोपला होतात की काय?"

"पूजेत होते."

"भर दुपारी?"

"विधवेच्या देवाला कुठली आलीय वेळ, पद्मनाभराव."

ते हसले, पण त्यांचं नाक हसलं नाही. त्या नाकाची चामराजपेटेत ख्याती होती. पलीकडच्या गल्लीत कुणी फोडणी टाकली, तर डाळ कुठल्या दुकानातली आणि ती रोख आणलीय की उधार, एवढं ते नाक बसल्या जागी सांगे, असं लोक म्हणत. आता ते नाक उंबऱ्यावरूनच आत शिरलं, भिंतीभिंतीने फिरलं आणि माळ्याखाली येऊन थबकलं. वर गुंडूअण्णा पोत्यांमागे दडला होता, आणि त्याला धुळीने शिंका येत.

"तमाखूचा वास येतोय," पद्मनाभराव म्हणाले.

"मिश्री लावते मी."

"कधीपासून?"

"दाढ दुखायला लागली तेव्हापासून."

तिची दाढ त्या क्षणी खरंच ठणकायला लागली. भीतीचं असंच असतं, सांगितलेलं खोटं ती अंगावर आणून दाखवते.

छत्राच्या मागे खोल्यांची एक ओळ होती. कुण्या पुण्यवान कापडव्यापाऱ्याने ती बांधली होती, समाजातल्या एकट्या बायकांसाठी. भाडं नावापुरतं. बेंगळूरूत घरांची भाडी पतंगासारखी वर चढत होती त्या दिवसांतही या ओळीत माणूस देवाचं नाव घेऊन निवांत झोपू शके. अट एकच. खोलीत मिशी फुटलेला पुरुष राहायला आला, की तो कमावता धरायचा आणि सवलत बंद. त्याच्या हाताला काम आहे की नाही, तो घरात पैसा देतो की उलट घरातलाच भात संपवतो, हे छत्र विचारत नसे. मिशी पुरे.

दोन दारं सोडून कस्तुराबाई राहायची. तिच्याकडे पुतण्या आला, हाताला काम नसलेला. पद्मनाभरावांनी दोरीवरचा लेंगा पाहिला आणि महिना संपायच्या आत कस्तुराबाईची ट्रंक शहराबाहेरच्या आनेकलच्या बसच्या टपावर चढली. आता ती तिथे कुठल्याशा कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. तेव्हापासून कृष्णाबाई भावाची लुंगी आपल्या लुगड्याखाली घालून घरातच वाळवे.

"येत्या बुधवारी नातवाचं जावळ आहे. छत्रातच जेवण," पद्मनाभरावांनी तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. "आवतण चूलबंद बरं का."

चूलबंद म्हणजे घरच्या झाडून सगळ्यांना जेवण. त्या दिवशी त्या घरात विस्तव पेटवायचा नाही. पेटवला तर यजमानाचा अपमान.

"एकटीला कसलं चूलबंद?" कृष्णाबाई कसंबसं म्हणाली.

"रीत आहे. घरचे असतील तेवढे सगळे या." जाता जाता त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं.

कडी लागली तशी माळ्यावरून शिंक आली. अशी, की कौलावरची कबुतरं थेट सिटी मार्केटात जाऊन बसली असतील.

"गेला का गं तो?"

"हळू बोल, अण्णा!"

"जेवायला बोलावलं ना? काय काय आहे?"

"तुला नाही बोलावलं. तू नाहीयेस."

गुंडूअण्णाने पोत्यामागून डोकं काढलं. केसांत जाळी, मिशीत कोंडा. आयुष्यभर गिरणीत माग चालवलेला माणूस. गिरणीला कुलूप लागलं, पाठोपाठ क्वार्टर गेलं आणि दसऱ्याच्या सुमारास तो पिशवी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. चार दिवस म्हणून आला होता.

"चूलबंद म्हणाला की. मी ऐकलं. म्हणजे मीपण आलो त्यात."

"अरे, सापळा आहे तो! तू आलास तर मोजला जाशील. घरी राहिलास आणि मी तुझ्यासाठी स्टोव्ह पेटवला, तर त्याचा आवाज अख्ख्या ओळीला जाईल. त्यालाही तेच हवंय."

"मग मी खाऊ काय?"

"पोहे भिजवून ठेवीन. मुकाट्याने खा."

"जावळाच्या दिवशी भिजके पोहे," गुंडूअण्णा खिन्नपणे म्हणाला. "आपला बाप असता तर रडला असता."

"बाप असता तर मी त्याच्याकडे राहिले असते," कृष्णाबाई म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं.

ओळीलगतच्या भाड्याच्या घरातली पवित्रा दळण घेऊन जाताना खिडकीशी थांबली. "अक्का, काल रात्री स्वल्प जास्तच घोरत होतात हं! आमचे हे म्हणाले, लॉरी रिव्हर्स घेतेय कुणी."

"सर्दी झालीय," कृष्णाबाई म्हणाली. गेले कित्येक दिवस तिने भावाचं घोरणं आपल्या नावावर घेतलं होतं. पवित्रा हसत निघून गेली. ती खरंच हसली की हसून दाखवलं, याचा विचार करत कृष्णाबाई संध्याकाळपर्यंत तांदूळ निवडत बसली. तांदूळ आधीच निवडलेले होते.

बुधवारी तिने दाराला बाहेरून कुलूप घातलं.

छत्रात केळीची पानं मांडली होती. एका बाजूला बायकांची पंगत, समोर पुरुषांची. कृष्णाबाई पवित्राशेजारी बसली. चित्रान्न आलं, कोसंबरी आली, गोडाला होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आली. घास तोंडात फिरत राहिला. घरी भिजके पोहे चावणारा माणूस आत्ता खोकला तर नसेल? मागच्या खिडकीची कडी लावली होती का? लावली होती. की नव्हती?

तुपाचं भांडं घेऊन पद्मनाभराव स्वतः फिरत होते. तिच्यासमोर ते वाकले.

"कृष्णाक्का, घरचे सगळे आले ना?"

"सगळे म्हणजे मीच."

"सरी, सरी, ठीक." ते सरळ उभे राहिले आणि पुरुषांच्या पंगतीकडे वळले. त्यांच्या मागोमाग तिची नजर गेली, आणि हातातला घास पानावर पडला.

शेवटच्या पानावर गुंडूअण्णा बसला होता. धुतलेला सदरा, कपाळावर कुंकू, पानावर भाताचा डोंगर. बहिणीकडे न बघता तो शांतपणे त्यात सार कालवत होता.

खिडकीची कडी लावली नव्हती.

पद्मनाभराव त्याच्यापुढे थांबले. "आपण कुणाकडचे?"

ज्यांना ऐकू येत नसे तेही कान देऊन बसले. कृष्णाबाईला आपली ट्रंक दिसली, बसच्या टपावर, दोरीने बांधलेली.

गुंडूअण्णाने घास गिळला. "कुणाकडचा नाही. रस्त्याने चाललो होतो. साराचा वास आला."

कुणीतरी फिसकन हसलं.

"नाव?"

"गुंडू."

"काम?"

"गिरणीत होतो. बंद पडली."

"राहता कुठे?"

"जिथे पाठ टेकेल तिथे."

"बायको-मुलं?"

"बायको गेली. मूल झालं नाही."

"भाऊ? बहीण?"

कृष्णाबाईने पदर घट्ट धरला. पवित्रा तिच्याकडे पाहत होती की नाही, ते बघायचं धैर्य तिला झालं नाही.

"कुणी नाही," गुंडूअण्णा म्हणाला. आणि एवढंच बोलून तो थांबला असता तर तो गुंडूअण्णा कसला! "एक होती. लहानपणीच देवीने गेली. भारी भित्री होती. कावळा ओरडला तरी माझ्या सदऱ्यात तोंड खुपसायची."

बायकांच्या पंगतीत कुणी तरी चुकचुकलं.

पद्मनाभरावांनी तुपात पळी फिरवली. मग म्हणाले, "आमचा रखवालदार गावी निघून गेलाय. फाटकाशी खोली आहे, दोन वेळचा भात आहे. पण माणूस एकटा हवा. उद्या कुणी येऊन म्हटलं, मी ह्यांची अमकी, मी ह्यांचा तमका, की खोली गेली. आणि ज्याने म्हटलं, त्याचीही चौकशी होईल."

गुंडूअण्णाचा हात भातावरच थांबला. कितीतरी महिन्यांनी कुणी त्याला काम देत होतं.

"सरी," तो म्हणाला.

"साक्षीला समाजातलं कुणी लागेल." पद्मनाभराव मागे वळले. एवढ्या मोठ्या पंगतीत त्यांना एकच तोंड दिसलं. "कृष्णाक्का, तुम्ही समोरच बसलाय. ह्यांना कुणी नाही म्हणतात. ऐकलंत ना?"

तिने वर पाहिलं. गुंडूअण्णा आता सरळ तिच्याकडे बघत होता, अनोळखी माणसाने बघावं तसा, अदबीने. छान जमलं होतं त्याला.

"ऐकलं," कृष्णाबाई म्हणाली.

"मग झालं तर." पद्मनाभरावांनी गुंडूअण्णाच्या भातावर तूप वाढलं, पुन्हा वाढलं आणि ते पुढच्या पानाकडे गेले. पंगतीला कंठ फुटला. होळिगे पुन्हा फिरू लागली. खोली वाचली होती. एक सोडून दोन खोल्या.

कृष्णाबाईने होतं तेवढं संपवलं, पाणी प्यायली आणि पान पलीकडे मिटलं.

पवित्राने झटकन तिचा हात धरला.

"अय्यो अक्का, असं काय करता? पान आपल्याकडे मिटायचं. पलीकडे मिटतात ते कुणी गेल्यावर."