जोड्या जुळवणारी

चेन्नईत येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि तोवर आजारपणात पेज आणून देईल असं एक माणूस मला मिळालं नव्हतं. तशी माणसं होती. गिंडीच्या आमच्या मॅनेजमेंट कॉलेजात तर पाय ठेवायला जागा नाही इतकी होती. पण मागच्या पावसाळ्यात पेरुंगुडीच्या पीजीत मी तापाने फणफणले होते, तेव्हा दारावर एकदाच टकटक झाली, आणि तो डिलिव्हरीवालाही शेजारच्या खोलीसाठी आलेला निघाला. हे बार्शीला आईला कळलं आणि तिने धोशाच लावला. "तिथे तुझं म्हणावं असं एक तरी माणूस जोड गं, रुचिरा."

एक माणूस जोडायला मी अख्खी संघटना काढली. माझं सगळं असंच, सुईच्या कामाला पहार.

'सार्थवाह' ही व्यापार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची देशभरची बंधुसंस्था. तिची रीत मला फार आवडली होती. तिथे प्रत्येक सभासदाची दुसऱ्या एकाशी जोडी लावतात आणि ती जन्माची. धंदा बुडो, नोकरी जावो, ताप येवो, जोडीदाराने धावून जायचं. आमच्या कॉलेजात तिची शाखा नव्हती. मी पोरं गोळा केली, चर्चा घेतल्या, फाटकाशी सुंडलचा, म्हणजे इथल्या उसळीचा, स्टॉल लावून विक्री शिकवली, आणि मुख्य कार्यालयाकडे शाखेची मान्यता मागितली.

जोड्या जुळवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. कोण भांडखोर, कोण घुमा, कोणाला पहाटे उठवतं, सगळं बघितलं. भटजी पत्रिका काय बघतील! माझ्यासाठी मी हरिप्रियाला मनात धरून ठेवलं होतं. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं मराठी माझ्या पणजीच्या वयाचं, त्यात निम्मं तमिळ. पण कँटीनमध्ये दिसले की विचारायची, "जेवण जालं की गे?" तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मान्यतेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या कार्तिकचा जोडीदार कॉलेज सोडून गेला. कार्तिक तोंड पाडून बसला. मला बघवेना. मी हरिप्रिया त्याला देऊन टाकली. वाटलं, मी अध्यक्ष, जोड्या लावणारी. लग्न लावणाऱ्या भटजीला कोणी बोहल्यावर चढवतं का? माझं पुढच्या वर्षी बघू, नवी पोरं आली की.

मुख्य कार्यालयातून शेषगिरी सर आले. त्यांनी सगळ्यांना हात धरून जोडीने उभं केलं. मी हॉलच्या दाराशी उभी होते.

"तुमचा जोडीदार?" त्यांनी विचारलं.

"मी अध्यक्ष आहे, सर."

"मग तुम्हाला तर आधी हवा. एकही सभासद सुटा असला तर शाखा होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. नाहीतर..." त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं.

नदी ओलांडून आलेले दहा शहाणे आठवले. मोजणारा दर वेळी स्वतःला विसरतो आणि एक बुडाला म्हणून सगळे रडत बसतात. गोष्टीत एक वाटसरू येतो आणि सांगतो, अरे, दहावा तूच. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हरिप्रियाने तोंड उघडलं, मग कार्तिकच्या हातातल्या आपल्या हाताकडे बघून मिटलं.

"मी सभासद नाही, सर," मी म्हणाले. "मी नुसती व्यवस्था बघते."

कोणीतरी 'असं कसं' म्हणेल म्हणून मी जरा थांबले. फार वाटत होतं, म्हणावं कोणीतरी. सरांनी सही केली आणि हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. मग फोटो हवा होता. तो मीच काढला.

बिर्याणी खायला सगळे नुंगंबाक्कमला निघाले, एका गाडीवर दोघं दोघं. हरिप्रिया जिन्यावरून मागे वळली. "तूंही ये गे. पाठून ये."

"हॉल आवरून येते," मी म्हणाले. ती गेली.

खुर्च्या लावत होते तेवढ्यात आईचा फोन आला. "झाली का गं तुमची शाखा?"

"झाली."

"आणि तुला कोण मिळालं?"

"हरिप्रिया," मी म्हणाले. "मराठी बोलते, आई. जुनं बोलते, पण बोलते."

"बाई गं! देव पावला. आता मला घोर नाही." आईने लगेच पुढचं काढलं. "दे बघू तिला फोन. दोन शब्द बोलते, माझ्या लेकीला सांभाळ म्हणते."

मी हॉलभर नजर फिरवली.

"ती पुढे गेलीय, आई," मी म्हणाले. "मला जागा धरायला."